स्टेला जेवायला जाते तेव्हा

रविवार, रात्री

हेलन होआंगची ‘द किस कोशंट’ आज दुपारी संपली. कादंबरी २०१८ची, माझ्या हाती आत्ता आली. प्रेमकथेत बाईला काय काय करायची मुभा आहे, हे पाहिलं की त्या काळाचा बराच अंदाज येतो असं मला कायम वाटत आलंय. स्टेला लेनला लेखिकेनं जी मुभा दिलीय, तेवढी मी कुठल्याच नायिकेला दिलेली वाचली नव्हती.

स्टेला तिशीची, कॅलिफोर्नियात राहणारी, अर्थशास्त्रातलं गणित करणारी. ग्राहक पुढे काय विकत घेतील याचे अल्गोरिदम लिहिते, आणि सुट्टीच्या दिवशीही तिचं मन ऑफिसातच रमतं. पैसा आहे, बुद्धी आहे. पण गोंगाट, वास, अचानक झालेला स्पर्श, ऐनवेळी बदललेला बेत तिला सोसत नाही. ती ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे आणि हे तिला ठाऊक आहे. आईला नातवंडांची घाई. ऑफिसातला एकजण सांगतो, तुला शरीरसंबंधाच्या सरावाची गरज आहे. स्टेला हे अगदी शब्दशः घेते. जे येत नाही ते जाणकाराकडून शिकायचं, या सरळ हिशोबानं ती एक एस्कॉर्ट, म्हणजे पैसे घेऊन सोबत आणि शरीरसुख देणारा पुरुष, ठरवते. हा मायकल फान. आई व्हिएतनामी, वडील स्वीडिश. फक्त शुक्रवारी रात्री हे काम करतो, एरवी आईच्या दुकानात शिवणकाम आणि ड्रायक्लीनिंग. आईला कॅन्सर आहे, उपचारांचा खर्च डोक्यावर आहे.

श्रीमंत पुरुष वेश्येला पैसे देऊन आणतो आणि तिच्या प्रेमात पडतो, तो ‘प्रिटी वुमन’ सिनेमा होआंगना उलटा करून लिहायचा होता. पण यशस्वी, देखण्या बाईला पुरुष पैसे देऊन का आणावासा वाटेल, तेच त्यांना सुचेना. मग मुलीच्या शिक्षिकेनं सांगितलं की मुलगी ऑटिझमच्या स्पेक्ट्रमवर असू शकेल. होआंग त्याविषयी वाचायला लागल्या आणि वाचता वाचता त्यांना स्वतःचीच ओळख पटत गेली. २०१६मध्ये त्यांचं निदान झालं, वयाच्या तिशीनंतर. स्टेला कुठेही अभ्यास करून रचलेली वाटत नाही, याचं कारण हेच असणार.

सगळ्यात मनात रुतलाय तो मायकलच्या घरच्या जेवणाचा प्रसंग. बहिणी, आई, आजी, चालू टीव्ही, एकाच वेळी बोलणारी चार माणसं. स्टेला आधीच गोंधळलेली. त्यात आई प्रेमानं जेवण वाढते, आणि ते प्लॅस्टिकच्या डब्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम केलंय हे स्टेलाच्या लक्षात येतं. ती सांगून टाकते की हे खाणं बरं नाही, प्लॅस्टिकमधली रसायनं अन्नात उतरतात. माहिती खरी आहे, हेतू काळजीचा आहे, आणि आईचा चेहरा पडतो. कॅन्सरशी झगडणारी बाई, तिनं आपल्या माणसांना वर्षानुवर्षं त्याच डब्यांतून खाऊ घातलेलं!

वाचताना माझ्या पोटात कालवलं. आपल्याकडे यजमानीण पोळी वाढायला आली आणि ताटावर आडवा हात धरला, तरी ‘काय गं, आवडलं नाही का?’ ऐकावं लागतं. माझी एक मावसबहीण लहानपणापासून हेच सोसत आलीय. लग्नकार्यात सनई-चौघडा आणि पंगतीचा कल्ला सुरू झाला की ती आतल्या खोलीत दार लोटून बसायची. ‘माणूसघाणी आहे’, ‘शिकली म्हणून शिंगं फुटली’, असं बायका तिच्या आईदेखत बोलायच्या. ती नेमकी कशामुळे तशी होती, ते सांगणारी मी कोण? पण स्टेलाला त्या टेबलाशी अवघडून बसलेली वाचताना मला सारखी ताई दिसत होती, आणि तिच्या बाजूनं एकही माणूस तेव्हा बोलला नाही याचा मला आज राग आला. मुली बघून बघून वागणं शिकतात, हसायचं कधी, नजर कुठे ठेवायची, सगळं पाठ करतात. त्यामुळे त्यांचं निदान कितीतरी उशिरा होतं किंवा होतच नाही. ते पाठ करण्यात माणूस किती थकतो, हे या कादंबरीत पानोपानी आहे.

मायकल मला आवडला तो त्याच्या लक्ष देण्यामुळे. पहिल्याच भेटीत स्टेला भीतीनं ताठरते, आणि तो थांबतो. पैसे घेतलेत म्हणून पुढे रेटत नाही. त्याच्या आईकडच्या नात्यातला भाऊ खाई ऑटिस्टिक आहे, त्यामुळे स्टेलाचं वागणं त्याला परकं वाटत नाही. स्टेला मात्र आपलं निदान त्याच्यापासून लपवते. ते कळलं तर तो आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल ही धास्ती. खाईविषयी बोलणं निघतं आणि ती गप्प राहते, ती जागा मी दोनदा वाचली.

शेवटाकडचे गैरसमज लांबलेत. फसवाफसवी करणाऱ्या वडिलांच्या पापाचं ओझं मायकल इतकं वाहतो की एका टप्प्यावर त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. एक साधं बोलणं झालं असतं तर पन्नासेक पानं कमी झाली असती. तरी लेखिकेला मी हे माफ करते, कारण प्रेम मिळाल्यावर स्टेला ‘बरी’ होत नाही. ती तशीच राहते, आणि तशीच कुणाला तरी मनापासून हवी असते. नायिकेचा चष्मा काढून, केस मोकळे सोडून तिला ‘सुंदर’ करणाऱ्या गोष्टी आपण इतक्या पाहिल्यात, की हे वाचताना मला खरोखर भरून आलं.

याच मालिकेतलं ‘द ब्राइड टेस्ट’ (२०१९) खाईचं आहे. पण मी आधी तिसरं, ‘द हार्ट प्रिन्सिपल’ (२०२१) घेणार. त्यातली ॲना व्हायोलिन वाजवते, तिचं निदान मोठेपणी होतं, आणि सख्खी बहीण ते मानायलाच तयार नसते. स्टेलाला किमान आपल्याबद्दल माहीत तरी होतं. ॲनाला ते इतक्या उशिरा कळतं आणि वर घरातच पटवून द्यावं लागतं. ते वाचून झालं की ताईला फोन करायचाय. पुस्तक तिनं वाचावं म्हणून नव्हे, त्या लग्नांमधलं तिला काय आठवतं ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.