आईच्या दुखण्यामुळे मी विद्यापीठाची आठ लेक्चर्स ऐकली : माझा अनुभव

दीड वर्षापूर्वी आईला लघवीचा संसर्ग झाला. पहिलं अँटिबायोटिक दिलं, ताप उतरेना, मग दुसरं दिलं, तेही लागू पडलं नाही, मग कल्चर केलं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघितलं, आणि तिसरं औषध सलाइनमधून द्यावं लागलं. ती बरी झाली, पण त्या रिपोर्टवरचा तक्ता माझ्या डोक्यातून जाईना. औषधांची नावं एकाखाली एक आणि त्यांच्यापुढे आर, आर, आर, मधेच कुठे दोन-तीन एस. आर म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे हे औषध या जंतूवर चालत नाही, आणि एस म्हणजे चालतं, एवढं मला त्या दिवशी कळलं आणि मी घाबरले.

माझं काम हिशेबाचं आहे, वैद्यकाशी संबंध नाही. नेटवर शोधत बसले तर अर्धवट माहिती आणि भीती दोन्ही वाढत होतं. मग कळलं की बरीच विद्यापीठं जागतिक आरोग्य आणि धोरण या विषयांवर सगळ्यांसाठी खुली लेक्चर्स ठेवतात, फी नसते, डिग्री विचारत नाहीत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनसारख्या संस्थांची कितीतरी रेकॉर्डिंग्ज कोणालाही बघता येतात. मी मात्र एका दुसऱ्याच विद्यापीठाची आठ लेक्चर्सची मालिका धरली, कारण त्यात शेवटून दुसरं लेक्चर अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर होतं.

नोंदणीपाशीच अडले. फॉर्ममध्ये 'संस्था' आणि 'पद' हे दोन रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. दोन दिवस तो फॉर्म तसाच उघडा ठेवला, आपण इथे कशाला असं वाटत राहिलं, शेवटी पदाच्या रकान्यात 'रुग्णाची मुलगी' लिहिलं आणि संस्थेपुढे एक रेघ टाकली. झाला फॉर्म सबमिट, कोणी काही विचारलं नाही. लिंकची मेल स्पॅममध्ये गेली होती ती मला लेक्चर सुरू झाल्यावर सापडली, त्यामुळे पहिलं लेक्चर अर्धंच ऐकलं. आणखी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा, दिलेली वेळ त्या विद्यापीठाच्या शहरातली असते आणि युरोपात मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तास पुढे-मागे करतात. माझं एक अख्खं लेक्चर यात गेलं, मी लॉगिन केलं तेव्हा लोक आभार मानत होते. रेकॉर्डिंग नंतर मिळालं, पण रेकॉर्डिंगला प्रश्न विचारता येत नाही.

पहिली तीन लेक्चर्स खरं सांगायचं तर डोक्यावरून गेली. बोलणारे चांगलं बोलत होते, पण प्रत्येक वाक्यात एक नवीन संज्ञा. डॅली हा शब्द इतक्या वेळा आला की मी थांबून तोच आधी समजून घेतला. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचं गमावलेलं एक वर्ष, अकाली मृत्यूमुळे गेलेली वर्षं आणि आजारात किंवा अपंगत्वात काढलेली वर्षं, दोन्ही मिळून. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालातून हे माप सगळीकडे गेलं. हिशेबवाली म्हणून मला ते लगेच पटलं, आणि रात्री झोपताना आठवलं तेव्हा पटलं नाही, कारण आईचे ते दिवस या बेरजेत दशांश चिन्हानंतर कुठेतरी लांब येतात. दोन्ही खरं आहे असं मला अजूनही वाटतं. बेरीज केली नाही तर कुठल्या आजाराकडे दुर्लक्ष होतंय ते कळणारच नाही.

चौथ्या लेक्चरपासून मी सगळं उतरवून घेणं बंद केलं. वहीत फक्त तीन रकाने आखले: निर्णय कोणी घेतला, पैसे कोणी दिले, आणि कोण राहून गेलं. इतका फरक पडला! देवीच्या रोगावरचं लेक्चर मी परत काढून ऐकलं. १९६७ मध्ये जोरात मोहीम सुरू झाली तेव्हा शीतयुद्ध चालू होतं, तरी अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एकाच कामात होते, सोव्हिएत युनियनने लस मोठ्या प्रमाणात फुकट दिली, आणि गावंच्या गावं टोचत बसण्यापेक्षा रुग्ण शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचायचं ही पद्धत कामी आली. मे १९८० मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं. पहिल्यांदा ऐकताना मला यातली फक्त सनावळी ऐकू आली होती. एचआयव्हीच्या लेक्चरला तिसरा रकाना पानभर भरला. १९९६ च्या सुमाराला तीन औषधांचा उपचार आला, पण वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त रुग्ण होते तिथेच तो पोचला नाही. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तसाच तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि त्याच वर्षी दोहामध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत देशांनी लिहून दिलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत. मधल्या वर्षांत किती माणसं गेली याचा विचार करून मी तो दिवस काही काम करू शकले नाही.

मग ज्याची वाट बघत होते ते सातवं लेक्चर.

सुरुवातीलाच दोन आकडे आले आणि सगळा गोंधळ झाला. २०१९ मध्ये रेझिस्टन्समुळे १२.७ लाख मृत्यू, आणि त्याच स्लाइडवर ४९.५ लाख मृत्यू. मला वाटलं एक आकडा चुकलाय. दोन्ही बरोबर आहेत, २०२२ च्या सुरुवातीला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातले आहेत, फक्त प्रश्न वेगळे. १२.७ लाख म्हणजे काय, तर समजा त्या माणसाला संसर्ग झालाच पण जंतूवर औषध चालत असतं, तर जे वाचले असते ते. आणि ४९.५ लाख म्हणजे तो संसर्गच झाला नसता तर जे वाचले असते ते. पहिला आकडा औषध निकामी झाल्याचा, दुसऱ्यात औषध आणि संसर्ग दोन्ही आले. बातम्यांमध्ये कधी हा आकडा येतो कधी तो, आणि कुठला का घेतला हे कोणी सांगत नाही. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत देशांनी २०३० पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, ते ४९.५ लाखांवरून मोजायचे आहेत. म्हणजे यात हात धुणं, स्वच्छ पाणी, लसीकरण, दवाखान्यातली स्वच्छता हे सगळं धरलंय, नुसती नवीन गोळी नाही. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण यातल्या पुष्कळ गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

पैशांचा भाग मला सगळ्यात जास्त लागला, तो माझ्या कामाचाच विषय. अकेओजेन (Achaogen) नावाच्या अमेरिकन कंपनीने लघवीच्या अवघड संसर्गावर नवीन अँटिबायोटिक काढलं, जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध चांगलं असून! कारण नवीन अँटिबायोटिक जपून ठेवायचं असतं, जपून ठेवलं तर खपत नाही, खपलं नाही तर कंपनी बुडते, आणि भरमसाट खपवलं तर जंतू त्यालाही सरावतात. यावर ब्रिटनने २०२२ मध्ये दोन औषधांसाठी वेगळी पद्धत लावली, किती वापरलं ते न बघता कंपनीला वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पैसे देत नाही ना, तसंच हे. मला हे इतकं सरळ आणि योग्य वाटलं की बाकीचे देश कशाची वाट बघतायत हा प्रश्न मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

पण विचारला दुसराच. आधीच्या एका लेक्चरला मी पानभर प्रश्न टाइप केला होता, आईची सगळी हकीकत लिहून, तो घेतलाच नाही. सूत्रसंचालकांकडे दहा मिनिटं असतात आणि ते मोठ्याने वाचता येतील असेच प्रश्न उचलतात. त्यामुळे या वेळी दोनच वाक्यं, तीही आदल्या दिवशी लिहून ठेवलेली, आणि बोलणं संपायच्या आधी पाठवली: 'कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध देतात. हा अंदाज चुकू नये म्हणून धोरणात काय करता येतं?'

प्रश्न घेतला. पुढे 'रुग्णाची मुलगी' असंही वाचलं, माझे हात थरथरत होते. उत्तर सविस्तर दिलं. अंदाज घ्यायचा तर त्या भागात कुठले जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाहीत याचा तक्ता डॉक्टरांकडे हवा, तो तक्ता लॅबमधून येतो, आणि बऱ्याच ठिकाणी लॅबच नाही, तिथे कितीही योजना लिहिल्या तरी कागदावरच राहतात. दुसरं म्हणजे शक्य असेल तिथे पहिला डोस देण्याआधी नमुना घ्यायचा, रिपोर्ट आला की औषध परत तपासायचं आणि साधं औषध चालत असेल तर त्यावर यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी अँटिबायोटिकचे तीन गट केलेत: अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अ‍ॅक्सेसमधली आधी वापरायची, वॉचमधली विचार करून, रिझर्व्ह अगदी शेवटी. आणि २०२४ मध्ये लाँजिट्यूड प्राइझ नावाचं मोठं बक्षीस लघवीच्याच संसर्गाच्या एका चाचणीला मिळालं, ती कुठलं औषध चालेल हे पाऊण तासात सांगते. मी ते ऐकताना रडले. पाऊण तास, आणि आमचे कितीतरी दिवस गेले होते.

नंतर मी आईची जुनी फाइल काढली आणि प्रत्येक औषध कुठल्या गटातलं ते बघून वहीत लिहिलं. आधीची दोन्ही वॉचमधली होती, आणि दोन्ही कल्चर न करता दिलेली. यात डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये, ताप चढलेला असताना थांबता येत नाही, पण नमुना आधी घेता आला असता.

गेल्या महिन्यात आईला परत जळजळ सुरू झाली, ताप नव्हता. या वेळी डॉक्टरांना मीच विचारलं, गोळी सुरू करायच्या आधी कल्चरला देऊ का? त्या लगेच हो म्हणाल्या. नमुना देऊन आलो, मग पहिली गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होता, डॉक्टरांनी औषध बदलून तेच दिलं. माझ्या वहीत ते अ‍ॅक्सेसच्या रकान्यात आहे.