वानुआतूच्या खुर्चीवरून

रविवार, रात्र

नेरुळच्या कॉलेजातलं मॉक यूएन, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवलेली संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटुची सभा, आज संपलं. विषय होता हवामान बदल आणि विकसनशील देश. माझ्या वाट्याला आला वानुआतू. पॅसिफिकमधली बेटं, लोकसंख्या जेमतेम तीन लाख, म्हणजे ठाणे शहराच्या पावपटही नाही. २०१५ च्या पाम चक्रीवादळात या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के एवढं नुकसान झालं होतं. तो आकडा वाचल्यावर मी आधीचं भाषण टाकून नवीन लिहिलं.

श्रीमंत देशांशी भांडणं सोपं गेलं. २००९ मध्ये कोपनहेगनला त्यांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत विकसनशील देशांना हवामान बदलासाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर देऊ. तेवढी रक्कम पहिल्यांदा जमली २०२२ मध्ये, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा. "वादळात घरं आमची गेली, हप्तेही आम्हीच भरायचे का?" असं विचारलं तेव्हा बाकं वाजली.

भारताच्या बाकापाशी मात्र मी अडखळले. भारत झालेला मुलगा ठाण्याचा, पक्क्या तयारीचा. आपलं हरितगृह वायूंचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि जबाबदारी सगळ्यांची असली तरी सारखी नाही हे १९९२ च्या हवामान करारातच मान्य झालंय, असं तो बोलला. मला ते सगळं पटत होतं. पण एकूण उत्सर्जनात चीन, अमेरिकेनंतर नंबर आपलाच, हेही माझ्या फाइलमध्ये होतं. वानुआतूने पुढाकार घेऊन हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, तेव्हा डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताने सांगितलं की सध्याच्या करारांपलीकडे नव्या जबाबदाऱ्या लादू नयेत. मी प्लॅकार्ड (देशाच्या नावाची पाटी) वर केलं आणि विचारलं, "मग आम्ही दाद कुठे मागायची?"

त्याची चिठ्ठी आली: 'तू पण इंडियनच ना?' मी खाली लिहिलं, 'आत्ता वानुआतू.'

न्यायालयात जाण्याची ती मोहीम २०१९ मध्ये सुरू केली साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या मुलांनी. आमच्यासारखीच वर्गात बसणारी मुलं! आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. हे सांगताना माझा आवाज कापत होता.

जेवणाच्या सुटीत भारत झालेल्या त्या मुलाला आमच्या वाशीचे धारण तलाव समजावले. भरावाची, सखल जमीन. भरती असली की झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. समुद्राची पातळी वाढत गेली तर पाणी सोडायला मिळणारा वेळ कमी होत जाणार. खाडी तर त्याच्या ठाण्याचीही तीच. तो म्हणाला, "हे तू कमिटीत का नाही बोललीस?" वानुआतू म्हणून बोलता येत नव्हतं. भारताला बोलता आलं असतं.

ठरावात कर्जाऐवजी अनुदान देण्याचं कलम टिकलं. मोठ्या विकसनशील देशांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे निधीत भर घालावी, हे माझं कलम मात्र पडलं. बांगलादेश माझ्या बाजूने, भारत विरोधात. मला ते लागलं, अजूनही लागतंय. पुढच्या वेळी मी भारत मागून घेणार आहे. दरडोईचा मुद्दा सोडणार नाही, पण बेटांचं कलम मसुद्यात मी स्वतः घालीन.