साखर कारखान्याचा माणूस सरकारदरबारी काय करतो?

कारखान्याच्या वतीनं सरकारकडे जाणारा माणूस मी; तुम्ही ऊस उत्पादकांनी विचारलंत म्हणून लिहितो. बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की चिकोडी-अथणीकडचे ऊस उत्पादक मला हमखास विचारतात, "कारखाना तुम्हाला पगार कशाचा देतो? पाकिटं पोचवायचा?"

नाही. पाकिटं देणारे आहेत, आणि 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. पण कारखान्याचं खरं वजन कागदात असतं.

कारखान्यावर लायझन ऑफिसर असतो. तहसीलदार, प्रदूषण मंडळ, वीज ही त्याची कामं. बहुधा इथलाच, कन्नड-मराठी दोन्ही सफाईनं बोलणारा. बंगळूरला एखाद-दुसरा निवृत्त अधिकारी, कारण फाइल कुठल्या टेबलावर अडते हे त्याला पाठ असतं. ही माहिती त्यानं सरकारी पगारावर कमावलेली असते आणि कंपनी ती विकत घेते, हे मला मनापासून खटकतं. दिल्लीत एकट्या कारखान्याला कोण विचारतो? तिथं 'इस्मा'सारख्या (पूर्वीची इंडियन शुगर मिल्स असोसिएशन) कारखानदारांच्या संघटना बोलतात. मोठ्या उद्योगसमूहांत तर 'कॉर्पोरेट अफेअर्स' किंवा 'पब्लिक पॉलिसी' असं खातंच असतं. त्यात वकील, अर्थशास्त्री, माजी पत्रकार.

हे सगळे मिळून घडवतात ते निवेदन. दीड-दोन पानांचं. सुरुवातीलाच मागणी, मग तक्ता: एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर), तोडणी-वाहतूक, व्याज, किलोमागे उत्पादन खर्च. शेवटी आदेशात घालायचा मजकूर, कलमासकट तयार. सेक्शन ऑफिसरच्या टेबलावर ढीगभर विषय असतात. त्याला टिप्पणी लिहायची असते आणि आमचा तक्ता समोर पडलेला असतो. तिथून तो फाइलीत जातो. मंत्र्यांबरोबरचा फोटो फार नंतरचा.

जून 2018 मध्ये केंद्रानं साखरेची किमान विक्री किंमत किलोला 29 रुपये ठरवली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये 31 केली. दोन्ही वेळा कारण पुढे आलं ते तुमच्या थकीत ऊसबिलांचं. कारखानदारांच्या मागणीतला सगळ्यात जड आकडा तुमची थकबाकी होता, आणि तो मांडायला तुम्ही त्या खोलीत नव्हता.

कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं 2014 पासूनचं धोरण आहे. आमच्याकडे तो आला त्या दिवशी वाचायला पगारी माणूस आहे. निपाणी-कागवाडच्या शेतकऱ्याकडे नाही. तो रास्ता रोको करतो तेव्हा हरकतींची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. म्हणून शेतकरी संघटनांना माझं सांगणं असतं: आंदोलन करा, पण राजपत्र वाचणारा आणि हिशेब मांडणारा एक तरी माणूस वर्गणी काढून नेमा.

आणि सरकारनं अशा भेटींची नोंदवही ठेवावी. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार लॉबिंगचा, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूनं वळवायच्या अशा खटपटीचा, खर्च जाहीर करावा लागतो. वॉलमार्टनं भारतातल्या गुंतवणुकीच्या विषयावर तिथं लॉबिंग केल्याचं 2012 मध्ये आपल्याला कळलं, ते त्या नोंदींमुळे. संसदेत गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची चौकशी समिती नेमली गेली. लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा कायदा मात्र आपल्याकडे अजून नाही. कुठल्या कंपनीचा कोण माणूस, कोणत्या अधिकाऱ्याला, कशासाठी भेटला, एवढं तरी जाहीर व्हावं. सुरुवात बेळगावच्या अधिवेशनापासून करता येईल. माझ्या भेटीही त्यात याव्यात.