आमची वाटचाल : तात्यांच्या गोठ्यामागून

पशुखाद्याच्या धंद्यात उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक जुनी हॅमर मिल, म्हणजे दाणा भरडायचे यंत्र, एक वजनकाटा, दाभण-सुतळी आणि तात्यांचा शब्द एवढेच भांडवल होते. मिल ठेवायला जागा तात्यांनी दिली, आपल्या गोठ्यामागची वैरणीची खोली रिकामी करून. आणि पहिले पोतेही त्यांनीच घेतले, रोख पैसे मोजून. कागदोपत्री ते आमचे भागीदार कधीच नव्हते, पण फर्म कोणाची असे कोणी विचारले तर मी आजही 'आम्हा दोघांची' असेच सांगतो. दोन महिन्यांपूर्वी तात्या गेले, आणि ही वाटचाल लिहून काढण्याचे एरवी पुढे ढकलत आलेलो काम मी हाती घेतले.

तात्यांचा कळप काही मोठा नव्हता. भाकड गाई आणि कालवडी धरून ३४ जनावरे. तरीही गाय घ्यायची असली की लोक आधी तात्यांना दाखवायला आणत. धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी ते काळ्या थाळीत घेत आणि गुठळी दिसते का ते पाहत. कासदाह इतरांना कास सुजल्यावर कळे, तात्यांना त्याच्या आधी. वासराला दोन तासांच्या आत चीक पाजायचा, कारण त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये वासराच्या आतड्यात पहिल्या दिवसापुरतीच शोषली जातात; आणि पुढच्या वेतापूर्वी गाय साधारण ६० दिवस आटवायची, मग दुधाची कितीही नड असो. या दोन गोष्टींत त्यांनी कधी सवलत घेतली नाही. व्यायलेल्या गाईचे कान ते रात्रीतून दोनदा चाचपत. दुग्धज्वर म्हणतात खरे, पण त्यात रक्तातले कॅल्शियम घटते आणि अंग तापण्याऐवजी गार पडते, हे मी पुस्तकातून नव्हे, तात्यांनी माझा हात धरून एका गाईच्या कानाला लावला तेव्हा शिकलो.

आमच्या मिलच्या तोंडाशी बसवलेले चुंबक हीसुद्धा त्यांचीच देणगी. मी धंद्यात येण्यापूर्वी त्यांची एक उत्तम गाय तारेच्या तुकड्याने गेली होती. गाय चारा न चावता गिळते, लोखंड तिच्या चार पोटांपैकी दुसऱ्या पोटात जाऊन बसते, आणि त्या पोटाच्या पुढेच हृदय असते. शवविच्छेदनात निघालेली ती तार तात्यांनी जपून ठेवली होती : अर्ध्या बोटाएवढी, एक टोक गंजलेले आणि दुसरे पोटात घासून सुईसारखे चकचकीत झालेले. चुंबक बसवले त्या दिवशी त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. ती आजही तिथेच आहे, आणि चुंबकाला रोज चिकटणारे खिळे आम्ही शेजारच्या डब्यात टाकतो.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना आजही घशाशी येते. चौथ्या वर्षी पावसात भिजलेला मका माझ्या गोदामात आला. ओलावा मोजायचे यंत्र तेव्हा माझ्याकडे नव्हते. दाणा दाताखाली धरायचा आणि आवाजावरून ठरवायचे, ही आमची पद्धत. वरची चार पोती पाहिली, कडक लागली, माल उतरवून घेतला. थरातली मधली पोती मी पोकळ सळई खुपसून तपासली नाहीत, आणि वर ती थेट भिंतीला टेकवून रचली. मका साठवायचा तर ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर नको, त्यापुढे बुरशी धरते. माझा मका आतून गरम झाला होता, आणि तो मी तसाच भरडला.

पहिल्यांदा ओळखले तात्यांनीच. निरोगी गाय एका घासाचा रवंथ ५०-६० वेळा चावते. तात्या गोठ्यात बसून मोजत असत. त्या सकाळी त्यांच्या चांगल्या गाई ३०-३५ वर थांबत होत्या आणि गव्हाणीत खाद्य उरले होते. त्यांनी ते मुठीत घेऊन हुंगले, उरलेले पोते खांद्यावर टाकले आणि माझ्या दारात आणून ठेवले. म्हणाले, "हे मी परत करायला आणलेले नाही. हे तपासायला पाठव, आणि निकाल येईपर्यंत एकही पोते बाहेर सोडू नकोस."

तपासणीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार होणारे विष, निघाले. दुभत्या जनावरांच्या खाद्यात ते किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते असे अनेक देश मानतात, युरोपात तर ५. माझ्या खाद्यात त्याच्या कितीतरी पट होते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सांगितले की या विषाचा शोधच खाद्यातून लागला : १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा. गाईने ते खाल्ले की दिवसभरात त्याचे रूप दुधात उतरते, दूध उकळूनही नष्ट होत नाही, आणि खाद्य थांबवल्यावर तीन-चार दिवसांत ओसरते. तात्यांनी हे ऐकले आणि दूध संकलन केंद्रावर स्वतः जाऊन सांगितले की पुढचे काही दिवस आमचे दूध येणार नाही. सलग पाच दिवस त्यांनी सगळे दूध ओतून दिले. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि कोणाला कळलेही नसते.

माझ्या २६ ग्राहकांपैकी २१ एका महिन्यात गेले. गेले त्यांना मी दोष देत नाही, चूक माझी होती. पण दुसऱ्या एका खाद्य कंपनीचा माणूस त्या दिवसांत घरोघरी फिरून, तात्यांच्या सात गाई आमच्या खाद्याने मेल्या, असे सांगत होता, ते मी अजून विसरलेलो नाही. तात्यांची एकही गाय दगावली नव्हती. तो माणूस तीन महिन्यांच्या उधारीवर पोती टाकत होता आणि सोबत ही बातमी देत होता. मी मिल विकायला काढली. गिऱ्हाईक पाहून गेले, सौदा ठरत आला, आणि तात्यांनी पुढच्या महिन्याची मागणी नोंदवली.

त्यांची अट एकच होती. प्रत्येक लॉटचा नमुना दोन काचेच्या बाटल्यांत भरायचा, लाखेने बंद करायचा, एक बाटली माझ्याकडे राहील आणि एक त्यांच्या घरी. धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी हेच सांगेन, कोणी विचारो वा न विचारो : जाहिरातीआधी ओलावा मापक घ्या, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचा, खाद्य बदलायचे तर गिऱ्हाइकाला दहा-बारा दिवसांत हळूहळू बदलायला सांगा, आणि आपल्या मालाचा पुरावा आपल्यावर उलटू शकेल अशा माणसाच्या घरी ठेवा.

पुढची अठरा वर्षे नीट गेली.

तात्यांना दम लागू लागला तेव्हा आम्हाला ते वयाचे वाटले. डॉक्टरांनी सांगितले की फुप्फुसे बुरशीच्या धुळीने निकामी होत चालली आहेत. ओलसर गंजीत आपोआप तापलेल्या वैरणीचे कण वर्षानुवर्षे श्वासातून गेले की असे होते, आणि शेतकऱ्यांचा म्हणून हा आजार वैद्यकात ओळखला जातो. ज्या नाकाने माझी बुरशी एका मुठीत ओळखली, त्याच नाकाने आयुष्यभर हे आत घेतले होते. मी माझ्या कामगारांना मास्क दिले होते, तात्यांच्या गोठ्यात कधी नेऊन दिले नाहीत. वैरण हलवणारे कोणी हे वाचत असेल तर मास्क लावा, गंज उघड्यावर फोडा.

शेवटचे वर्षभर त्यांची मुलगी धारा काढत होती आणि तात्या खुर्चीत बसून रवंथ मोजत होते. ते पहाटे गेले. त्या दिवशी शेजाऱ्यांनी धारा काढल्या आणि गाईंनी पान्हा चोरला. परक्या हाताला गाय बिचकते आणि दूध वर ओढून धरते.

महिनाही झाला नव्हता आणि त्याच कंपनीने आपल्या पोत्याशेजारी तात्यांचा फोटो छापून पत्रके वाटली. तात्यांनी त्यांचे एक पोतेही कधी घेतले नव्हते. मी भांडायला निघालो होतो, पण मुलीने मला थांबवले. ती एकटीच तात्यांच्या नोंदवह्या घेऊन गेली. त्या वह्यांत प्रत्येक गाईपुढे तारखेनिशी आमचा लॉट क्रमांक लिहिलेला आहे. पत्रके त्यांनी मागे घेतली, माफी मात्र आजतागायत मागितलेली नाही.

गेल्या आठवड्यात नवीन लॉटची बाटली घेऊन मी तिच्याकडे गेलो. तात्यांच्या फळीवर शेवटच्या बाटलीला त्यांच्या थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी होती. मी नवी बाटली तिच्याशेजारी ठेवणार, तोच ती म्हणाली, "काका, ओलावा किती आला?" मी म्हणालो, "मका १२." तिने पोते उसवले, मूठभर खाद्य नाकाशी धरले, बराच वेळ धरले, आणि मग वहीत आकडा लिहिला.