टेनरची नोंद, आठवडा ११: किंग कर्टिसचे आठ बार

या आठवड्यात दुसरं काहीच घेतलं नाही. ‘रिस्पेक्ट’ या गाण्यातला किंग कर्टिसचा टेनर सॅक्सोफोनवरचा सोलो, बस. आठ बार (तालाची मापं) आहेत आणि सहा दिवस झाले, अजून बोटांत पूर्ण बसलेले नाहीत.

मागच्या महिन्यात ‘याकेटी याक’ केलं होतं. कोस्टर्स या गायकगटाच्या या १९५८ च्या रेकॉर्डमध्ये कर्टिसचा प्रत्येक सूर कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा सुटा उडतो. सूर तोडायचे ते जिभेने, म्हणून तिथे सगळी मेहनत जिभेची होती. मूळच्या ७० टक्के वेगावर सुरुवात केली, आता ९० वर जीभ अडखळत नाही.

‘रिस्पेक्ट’ची अडचण वेगळी. अरिथा फ्रँकलिनने १९६७ साली ते न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं. ओटिस रेडिंगच्या मूळ गाण्यात सोलोचा हा मधला भाग नव्हताच. गाणं सी या पट्टीत चाललेलं असतं आणि सोलो आला की एकदम एफ शार्प मायनर! टेनरसाठी सूर वरचे लिहितात, म्हणून आपल्या टेनरवर तो जी शार्प मायनर होतो, म्हणजे पाच शार्प (चढवलेले सूर). डाव्या करंगळीला उसंत नाही. मी आधी सोलोचा शेवट बसवला, जिथून गाणं परत सी मध्ये येतं. कुठे पोचायचं ते कानात पक्कं झाल्यावर सुरुवातही सोपी वाटली.

ग्राऊल, म्हणजे सुरातली खरखर, जमायला लागला, ही खरी आनंदाची बातमी. फुंकताना घशातून गुणगुणायचं हे माहीत होतं, पण मी वाजतोय तोच सूर गुणगुणत होतो. सूर थोडा वेगळा धरला तशी दोघांची टक्कर होऊन ती खरखर उमटली. त्यासाठी काही बदललं नाही: रीड (माउथपीसवरची कंपणारी पट्टी) अडीच नंबरचीच आहे, माउथपीसही जुनाच.

कर्टिसची कारकीर्द बघा. फोर्ट वर्थमध्ये १९३४ चा जन्म. बडी हॉली, कोस्टर्स, अरिथा, आणि जुलै १९७१ मध्ये जॉन लेननच्या ‘इमॅजिन’ अल्बमवरही दोन गाण्यांत त्याचा सॅक्सोफोन. गाणं दुसऱ्याचं, मिळणार मोजके बार, तरी दोन सुरांत ओळखू येतो. त्याच वर्षी १३ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये, स्वतःच्या इमारतीबाहेर, त्याला भोसकून मारलं. वय ३७. हे वाचल्यापासून लेननची ती गाणी मला सलग ऐकवत नाहीत.

सोलो वाजवण्याआधी मी आता अरिथाची आधीची ओळ म्हणून घेतो. तिने श्वास सोडला की कर्टिसने उचलायचं, ही जागा ठेका देणाऱ्या नुसत्या मेट्रोनोमवर मला सापडत नव्हती. पहिले चार बार असे जमलेत. पाचव्या बारात अजून घाई होते. पुढच्या रविवारपर्यंत तेवढंच धरणार, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट सभागृहातलं त्याचं मार्च १९७१ चं लाइव्ह रेकॉर्डिंग.