गाडी उभी, ड्रायव्हर ड्युटीवर

आमचा धंदा कंपन्यांच्या स्टाफ बसचा. ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, गाड्या कोलशेतच्या यार्डात, आणि रूट बहुतेक घोडबंदर रोड, वर्तकनगर, कळवा इथून रबाळे-महाप्याच्या एमआयडीसीत. ड्युट्या मी लावते. २०२४ च्या पावसाळ्यात एका मोठ्या कंपनीच्या सेफ्टीवाल्यांनी कळवलं, की यापुढे बिलासोबत प्रत्येक ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा रिपोर्ट लागेल, आणि रजिस्टरची झेरॉक्स चालणार नाही, जीपीएसवरून काढलेलाच हवा.

मालक म्हणाले, "त्यात काय, जीपीएसचे डबे बसवलेलेच आहेत." होतेच. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या प्रवासी गाड्यांना एआयएस-१४० या मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. पण आमच्याकडे त्या डब्याचा उपयोग दोनच वेळा व्हायचा: पासिंगला, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली बस अडकली की एचआरला उत्तर द्यायला.

डबे पुरवणाऱ्या व्हेंडरने पहिला रिपोर्ट पाठवला तो इंजिन-तासांचा. त्यात आमचे सगळे ड्रायव्हर भलतेच सुखी दिसत होते. पहाटे पाचला यार्डातून निघून रात्री आठला परतणाऱ्या माणसाच्या नावावर जेमतेम साडेपाच तास! सकाळी पहिल्या शिफ्टला सोडायचं, मग जनरल शिफ्टची फेरी, मग कंपनीच्या गेटबाहेर गाडी उभी, दुपारी तीनला पहिली शिफ्ट उतरवायची, संध्याकाळी जनरल. इंजिन चालू तेवढंच काम, असा डब्याचा हिशेब. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरमामांना तो कागद दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, गाडी उभी होती म्हणजे मी काय घरी होतो?"

तिथून मी कायदा उघडला. तेव्हा लागू होता १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा. आता तो नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे, पण आमची मोजपट्टी तीच होती. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. हे साधारण सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. विश्रांती धरून दिवसाचा पसारा, म्हणजे ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा वेळ, बारा तासांच्या वर जाता कामा नये, ड्युटीचे दोनच तुकडे पाडता येतात, आणि आजची ड्युटी संपून उद्याची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मिळाले पाहिजेत. कामाच्या तासांच्या व्याख्येत गाडी ताब्यात घेणं, लावणं, रजिस्टरवर सही करणं, गाडीची देखभालसुद्धा येते. डब्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला गाडी कळते, माणूस कळत नाही.

म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला कार्ड दिलं आणि गाडीत कार्ड-रीडर बसवला. हजर झालो की टॅप, गाडी लावून चावी दिली की टॅप. पसारा टॅप ते टॅप, स्टेअरिंगचे तास जीपीएसचे, असे दोन वेगळे रकाने. व्हेंडरला हे पटवणं सर्वांत कटकटीचं गेलं. त्यांचे सगळे रिपोर्ट गाडीच्या नंबरवर, मला हवे होते ड्रायव्हरच्या नावावर.

मग डेटाच्या गमतीजमती. ॲपमध्ये वेळ बरोबर, पण एक्सेल उतरवली की पहाटे पाचची ड्युटी आदल्या रात्री साडेअकराला सुरू झालेली! सर्व्हरची वेळ ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यार्डातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी बस रिपोर्टमध्ये रात्रभर थोडी थोडी सरकत राहायची. इग्निशन बंद असेल तर हालचाल धरू नका, असं सेटिंग केल्यावर ते भूत उतरलं.

खरा घोळ मध्यरात्रीचा होता. रिपोर्ट बाराच्या ठोक्याला दिवस कापायचा. दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते, माणसं सोडून गाडी यार्डात लागेपर्यंत पाऊण वाजतो. म्हणजे एकाच ड्युटीचे दोन तुकडे, दोन वेगळ्या तारखांना. मी दिवस पहाटे तीनला बदलायला लावला, कारण त्या वेळी आमची एकही गाडी रस्त्यावर नसते. तसं केल्याबरोबर एक गोष्ट उघडी पडली. कोणी सुट्टीवर गेला की त्याच्या जागी, रात्री पाऊणला गाडी लावलेला माणूसच पहाटे पाचला पुन्हा स्टेअरिंगवर बसत होता. मधले तास सव्वाचार. जुन्या रिपोर्टमध्ये दोन्ही दिवस अगदी सोवळे दिसायचे.

ड्रायव्हरांची भीती निराळी होती. डबा म्हणजे चोर पकडायला, आणि तास मोजले की ओटी (ओव्हरटाइम) गेली. पहिल्या भीतीवर उपाय सोपा निघाला: प्रत्येकाला त्याचा स्वतःचा रिपोर्ट दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर. दुसरी खरी होती. मी गाडी तीच ठेवली आणि सकाळचा ड्रायव्हर वेगळा, संध्याकाळचा वेगळा केला. पसारा बारात बसला, पण फेऱ्या कमी झाल्या तसा भत्ताही घटला. ज्यांच्यावर कर्जाचे हप्ते होते त्यांना हे परवडणारं नव्हतं; काही जण सोडून गेले. मी त्यांना दोष देत नाही. पगार तोच ठेवून तास कमी करणं म्हणजे त्यांच्याच खिशातून कायदा पाळणं.

मग तोच रिपोर्ट घेऊन मी कंपनीकडे गेले. तास तुम्हाला हवेत, मग जादा ड्रायव्हरचा पगार दरात धरा, असं सरळ सांगितलं. खरेदीवाल्यांनी नाक मुरडलं. सेफ्टीवाल्यांना मात्र नकार देता येईना, कारण मागणी त्यांचीच होती. दर वाढला, मागितला तेवढा नाही. त्यातून मूळ पगार वाढवला आणि जादा तासांचे पैसे दुप्पट दराने लावले.

घोडबंदरला गायमुखला जाम लागला की पसारा अजूनही बारावर जातो. तो मी रिपोर्टमध्ये तसाच लाल ठेवते, शेऱ्यात कारण लिहिते. मालकांना तो लाल रंग खटकतो. कंपनीने आजवर त्यावरून बिल अडवलेलं नाही.