प्रार्थना थांबवा, असं मी म्हणाले

मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचा पाळक, काय करतो, असं विचारलं की लोक म्हणतात, प्रार्थना. दिवसाच्या कामात प्रार्थनेला सगळ्यात कमी वेळ जातो. सकाळी नर्सिंग स्टेशनवरून ऑपरेशनची यादी घ्यायची. थिएटरच्या दाराशी ट्रॉली मिनिटभर थांबते, तेवढ्यात पेशंटशी बोलून घ्यायचं. भूलतज्ज्ञ घड्याळ बघत उभेच असतात. मग वॉर्ड, मग आयसीयूबाहेर बाकावर रात्र काढलेले नातेवाईक. बिलात सवलत मिळावी म्हणून येणारेही असतात, त्यांना वाटतं चॅप्लेनची सही चालते. चालत नाही. त्यात मी बाई, त्यामुळे "मोठे पाळकसाहेब नाहीत का?" हेही रोजचंच.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. वॉर्डात मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करते. डोळे मिटले की पेशंटचा चेहरा दिसत नाही, आणि मला लागणारी माहिती तिथेच असते. कुठल्या शब्दाला भुवई आकसली, कुठे ओठ थांबले, हात चादरीत कधी गेला. खुर्ची सलाईन नसलेल्या बाजूला घ्यायची, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, पलंगावर कधीच नाही. आणि रात्री घरी आल्यावर झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहायचं: चॅप्लेन एक, पेशंट एक, चॅप्लेन दोन. याला आम्ही वर्बॅटिम म्हणतो. वर्बॅटिम पुढे ज्याचा भाग झालं, ते पेशंटच्या सहवासात शिकवण्याचं प्रशिक्षण १९२५ साली अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉयसन नावाच्या पाळकाने सुरू केलं. तो स्वतः मनोरुग्ण म्हणून दाखल होऊन गेलेला होता. पेशंट हेच वाचायचं पुस्तक, असं त्याचं म्हणणं. आमच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, या विषयाला जेमतेम जागा होती. उपदेश कसा करावा हे मात्र भरपूर शिकवलं.

पुढचं सगळं त्या बाईंना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी म्हणू या. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. पण त्यानंतर त्या वॉकरला हात लावेनात, जेवण तसंच परत जायला लागलं, विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर. ऑर्थोच्या डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये मला गाठलं. "जरा बघा, डिप्रेशन वाटतंय." डॉक्टरांना ज्याचं नाव सापडत नाही त्या सगळ्याला ते डिप्रेशन म्हणतात आणि माझ्याकडे पाठवतात. पण हे डॉक्टर बरे, त्यांनी त्याच सकाळी रक्तही तपासायला पाठवलं होतं. हे लक्षात असू द्या.

मी गेले, सलाम केला, बसले. त्यांनी ओळखीचं हसून घेतलं. प्रभूची प्रार्थना म्हणू या म्हणाल्या, म्हणून म्हटली. आमच्या लोकांना ती झोपेतही येते. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथपर्यंत त्यांचा आवाज माझ्याबरोबर होता. पुढे क्षमेची ओळ आली आणि ओठ बंद. डोळे उघडेच होते, माझ्याकडे बघत होते. "आम्हांस परीक्षेत आणू नको"ला आवाज परत आला.

मी काही विचारलं नाही. बसून राहिले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत."

मग जे कळलं ते थोडक्यात असं. मोठा भाऊ. आई शेवटच्या आजारात असताना त्याने हक्कसोड पत्रावर यांची सही घेतली, घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचंय म्हणून. जमिनीचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण भावाने त्यांना आईला भेटायला येऊ नका असं कळवलं, आणि आईला सांगितलं की ती यायला तयार नाही. आई तेच मानून गेली. भाऊ चर्चच्या मंडळीत पंच. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी त्या रसाच्या लहान प्याल्यांचा ट्रे बाकांमधून फिरवणाऱ्यांत तोही असतो. इतकी वर्षं त्या त्याने पुढे केलेल्या ट्रेमधून प्याला उचलत आल्या. "पडले ना, तेव्हा फरशीवर पडल्या पडल्या पहिला विचार हाच आला," त्या म्हणाल्या. "की आता निदान या रविवारी जावं लागणार नाही."

क्षमा केली नाही म्हणून आपला विश्वास खोटा, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. त्या इतरांना शिकवत आल्या होत्या तेच. आमच्याकडे आध्यात्मिक वाढ म्हणजे साक्ष देता येणं. आजार आला, प्रार्थना केली, बरा झालो, हालेलुया. अजून बरा न झालेला माणूस व्यासपीठावर उभा राहिलेला मी पाहिलेला नाही. पंडिता रमाबाईंचं नाव प्रत्येक पाळक घेतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त सापडायला त्यानंतर आठ वर्षं लागली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ती आठ वर्षं कुणाच्या उपदेशात येत नाहीत.

मी त्यांना स्तोत्र ८८ वाचून दाखवलं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. बहुतेकांचा शेवट स्तुतीकडे वळतो. हे वळत नाही, अंधारावर संपतं. कॅलेंडरवर २३, ९१, १२१ छापतात, ८८ कोणी छापत नाही. मावशी म्हणाल्या, "हे आमच्या उपासनेत कधी वाचलेलं आठवत नाही." मग स्वतः पुन्हा वाचायला मागितलं.

इथे थांबले असते तर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत ऑर्थो वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचा फोन आला. "लवकर या. तुमच्याच लोकांचं काहीतरी चाललंय." तुमच्याच लोकांचं, हे तिच्या आवाजातलं मला अजून टोचतं, कारण खरं होतं. पलंगाभोवती पडदा ओढलेला. आत भाऊ, वहिनी, त्यांच्या मंडळीचे पाळक, आणखी दोघं. केळी, तेलाची बाटली. पाळकसाहेबांचा हात मावशींच्या डोक्यावर, आवाज शेजारच्या तीन पलंगांपर्यंत. "प्रभू, या घरातलं कडूपण मोडून टाक." मग प्रार्थना मध्येच थांबवून तिला, "म्हणा बाई. मी माझ्या भावाला क्षमा केली. एकदा तोंडाने म्हणा, बाकी प्रभू करील. हेच कडूपण हाडात उतरलंय."

खुब्याचं हाड बाईच्या कडूपणाने मोडलं असं म्हणायला धाडस लागतं. त्या वॉर्डात सिमेंटच्या पोत्याखाली पाय सापडलेला वीस वर्षांचा पोरगाही होता. त्याच्या कुठल्या कडूपणाने मोडला?

भाऊ म्हणाला, "अगं, जे काही झालं असेल ते सोडून दे आता. योसेफाने नाही का भावांना क्षमा केली?"

जे काही झालं असेल ते. काय झालं होतं, ते त्याने तेव्हाही उच्चारलं नाही.

आणि मावशी, ज्या दिवसभर एका शब्दात उत्तरं देत होत्या, छताकडे बघत शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, बेचाळिसावा अध्याय वाच."

पाळकसाहेबांनी ते कानाआड केलं आणि पुन्हा डोळे मिटले. मावशींचा हात चादरीत गेला. तेव्हा मी म्हणाले, "पाळकसाहेब, प्रार्थना थांबवा. पेशंटला विश्रांतीची गरज आहे." ते थांबले नाहीत. मी पडदा पूर्ण बाजूला केला आणि तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले. आता वॉर्डच बघायला लागला. ते गेले. जाताना त्यांनी मला विचारलं, "तुमची ऑर्डिनेशन झाली आहे का?" म्हणजे पाळकपदाची दीक्षा. झाली आहे. केळी राहिली, ती शेजारच्या पोराने खाल्ली.

सिस्टर नंतर म्हणाली, "चॅप्लेनने प्रार्थना थांबवलेली मी पहिल्यांदा पाहिली." कौतुक होतं की चेष्टा, कळलं नाही.

बायबलातल्या उत्पत्तीचा बेचाळिसावा अध्याय, योसेफाच्या गोष्टीतला, मी त्या रात्री पुन्हा काढला. आम्ही उपदेशात सदतिसाव्यातून, जिथे भाऊ त्याला विकतात, थेट पंचेचाळिसाव्यात उडी मारतो, जिथे तो गळ्यात पडून रडतो. मधलं गाळतो. विकला तेव्हा योसेफ १७ वर्षांचा, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० चा. मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २. म्हणजे २२ वर्षांनी तो ओळख देतो. भाऊ पहिल्यांदा समोर येतात तेव्हा तो ओळखूनही परक्यासारखा वागतो, त्यांना तीन दिवस कोठडीत ठेवतो, त्यांच्यातल्या शिमोनाला बांधून अडकवून ठेवतो. बाजूला जाऊन रडतो, परत येतो, तरी सांगत नाही. पुढच्या फेरीला खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन जेवायला बसतो. त्याचा बांध फुटतो तो भाऊ यहूदा बोलल्यावर, "धाकट्या बन्यामिनाच्या बदल्यात मला गुलाम ठेवा" असं म्हटल्यावर. ज्याने विकायची युक्ती काढली होती तोच यहूदा. तोवर योसेफ थांबतो. या सगळ्या वेळात देवाने त्याला एकदाही रागावल्याचं उत्पत्तीत लिहिलेलं नाही.

मावशींनी हे तीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. मला सेमिनरीत कोणी दाखवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लोक गेल्यावर त्यांनी प्रार्थना-विनंतीचं रजिस्टर मागितलं होतं. सकाळच्या स्टाफ उपासनेत ते वाचतात. एरवी त्यात बीपी, मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण. हात थरथरत होता म्हणून मी लिहून घेतलं: "देवा, मी त्याला क्षमा केलेली नाही. तुला माहीत आहे. आज मला ते म्हणायला लावू नकोस. आमेन."

सकाळी उपासनेआधी वर जाऊन पुन्हा विचारलं, वाचू का? "वाच. नाव घेऊ नकोस. आणि 'आज' गाळू नकोस."

वाचलं. चॅपेलमध्ये नर्सिंगच्या मुली, ऑफिसचे लोक, काही हिंदू-मुसलमान कर्मचारीही येतात. आमेन म्हणायचं की नाही हे कुणाला कळेना. मागून एकटीचा आमेन आला, सफाईच्या एका मावशींचा. त्या ख्रिस्ती नाहीत. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "अशी पण चालते होय?"

आता रक्ताचं. रिपोर्ट आदल्या रात्रीच आला होता. सोडियम १२२, हवं १३५ च्या वर. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते कारण निघालं. गोळी बंद केली, सोडियम हळूहळू भरलं. दोन दिवसांत मावशी जेवल्या, वॉकर धरून दारापर्यंत गेल्या. फिजिओने ते स्वतःच्या खात्यावर घेतलं, डॉक्टरांनी सोडियमच्या. इतकं कमी सोडियम असलं की म्हातारी माणसं मलूल होतात, गप्प होतात, जेवत नाहीत. हे मलाही आता पाठ झालं आहे. मी पाहिलं त्यातलं मनाचं किती आणि मिठाचं किती, हे कुठल्या तपासणीत निघणार? मला वाटतं दोन्ही होतं. पण चॅप्लेनला तसंच वाटणार, हेही कळतं.

मग प्रशासनाकडे मंडळीकडून पत्र आलं. चॅप्लेनने पाळकीय सेवेत अडथळा आणला, आणि शुद्धीवर नसलेल्या पेशंटकडून अविश्वासाचं वाक्य लिहून घेऊन जाहीर वाचलं. शुद्धीचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला. रेसिडेंटच्या नोंदी काढल्या: त्या रात्री मलूल, पण वार, जागा, स्वतःचं नाव बरोबर सांगितलेलं. माझ्या खुलाशात मी हेही लिहिलं की पेशंट शुद्धीवर नव्हती असं धरलं, तर त्याच संध्याकाळी तिच्याकडून क्षमा वदवून घ्यायला पाच जण का आले होते? प्रशासनाने ते वाक्य गाळून उत्तर पाठवलं. आमच्या प्रशासनाला भांडण नको असतं, देणगीदार हवे असतात.

मावशींचा मध्यंतरी फोन आला होता. चालतात, काठीने. उपासनेला जातात. प्रभुभोजनाच्या रविवारी डावीकडच्या बाकांवर बसतात, तिकडे ट्रे दुसरे पंच फिरवतात. "लोकांच्या लक्षात आलंय," त्या म्हणाल्या. "येऊ दे."

आणि मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला. पाळकांना न सांगता करतोय, म्हणाला. मला भेटायचंय म्हणाला. मी विचारलं, कशाबद्दल. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, मी बेचाळिसावा अध्याय वाचला." मावशींना हे कळवायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याला गुरुवारी ओपीडी संपल्यावर बोलावलं आहे. काय झालं होतं हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत मी प्रार्थना करणार नाही, एवढं फोनवरच सांगून ठेवलं.